एका बैठकीचे तास

हैदराबाद ते डॅलस हे अंतर पृथ्वीच्या गोलावरून थेट मोजलं तर १४,४०० किलोमीटरच्या आसपास भरतं. आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे: किलोमीटरना ८५० ने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर धरायचा. त्या हिशेबाने साडेसतरा तास होतात. पण हैदराबादहून डॅलसला थेट विमान नाही, त्यामुळे हे साडेसतरा तास कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. कुणाला बावीस लागतात, कुणाला सव्वीस, कुणाला तीसच्या वर.

हैदराबादच्या आबिड्स भागातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी नव्वदच्या दशकात कामाला लागले. आमचं घराणं मूळ मराठवाड्यातलं. आजोबा निजामाच्या काळात नोकरीसाठी इकडे आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि आम्ही इथेच राहिलो. माझी शाळा विवेकवर्धिनी; भाषा म्हणाल तर मराठी घरातली, उर्दू-हिंदी रस्त्यावरची, तेलुगू शेजाऱ्यांची. काउंटरवर तिन्ही लागतात. जुन्या शहरातले लोक विचारतात, "कित्ते घंटे का सफर है मॅडम?" खम्ममच्या आजीबाई विचारतात, "एन्नि गंटलु अम्मा?" आणि काचीगुडा-बरकतपुऱ्यातली आमची मंडळी म्हणतात, "अगं, पोचायला किती वेळ लागतो ते सांग आधी." पैशांचा प्रश्न बहुतेकदा त्यानंतर येतो. आकडा सांगणं सोपं असतं. समोरच्या माणसाला त्या आकड्यातून नेमकं काय हवंय, ते ओळखायला मला बरीच वर्षं लागली.

सुरुवातीला अंतर आम्ही पुस्तकातून काढायचो. 'पॅसेंजर एअर टॅरिफ' नावाचे जाडजूड खंड यायचे. त्यातल्या एका खंडात शहरांच्या जोड्या आणि प्रत्येक जोडीपुढे जास्तीत जास्त किती मैल फिरून जाता येईल तो आकडा असायचा. साधारणपणे थेट अंतराच्या वीस टक्के जास्त. वाटेत थांबत गेलात तर प्रत्येक टप्प्याचे मैल मिळवायचे आणि बेरीज त्या आकड्याच्या आत बसते का ते पाहायचं. नाही बसली तर भाडं पाच टक्क्यांच्या पायऱ्यांनी वाढवायचं, पंचवीस टक्क्यांपर्यंत. त्याच्याही पलीकडे गेलं तर प्रवास तोडून वेगळी भाडी लावायची. हे मैल जमिनीवरचे, १.६ किलोमीटरचे. वैमानिक सागरी मैलांत बोलतो, तो १.८५२ किलोमीटरचा. त्यामुळे विमानातल्या घोषणेतला आकडा आणि आमच्या कागदावरचा आकडा जुळायचा नाही, आणि बारकाईने ऐकणारे प्रवासी परत आल्यावर येऊन विचारायचे. मला असे प्रवासी फार आवडतात.

कोठीच्या बाजारातून मी एक शाळेतला पृथ्वीगोल विकत आणला, तो अजून टेबलावर आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशाने लोकांची दिशाभूल होते. मर्केटरने १५६९ मध्ये तो नकाशा जहाजांच्या खलाशांसाठी काढला, त्यात ध्रुवाकडचे प्रदेश ताणले गेले आहेत. ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. त्या नकाशावर लोक हैदराबादवर बोट ठेवतात, ते डावीकडे अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असं सरकवत नेतात आणि म्हणतात, "म्हणजे दुबई वाटेवरच आहे की." मी गोलावर दोरा ताणून दाखवते. दोरा हैदराबादहून जवळजवळ नाकासमोर उत्तरेला जातो, दिल्लीच्या डोक्यावरून, हिमालय, मध्य आशिया, सायबेरिया ओलांडून, उत्तर ध्रुवापासून पाचेकशे किलोमीटरवरून पलीकडे उतरतो आणि कॅनडा कापत टेक्सासला येतो. बघणाऱ्याचा चेहरा बदलतो. आपली मुलगी पश्चिमेला राहते असं आजवर वाटत असतं, आणि ती खरं तर उत्तरेच्या पलीकडे असते.

या दोऱ्याने एक फार उपयोगाची गोष्ट कळते. हैदराबाद–दुबई २,५५० किलोमीटर, दुबई–डॅलस १२,९०० च्या पुढे. बेरीज साधारण १५,४५०. आता लंडनमार्गे पाहा: हैदराबाद–लंडन ७,७५०, लंडन–डॅलस ७,६५० च्या आत. बेरीज १५,४०० च्या आसपास. दोन्ही वाटांत शंभर किलोमीटरचाही फरक नाही. सरळ दोऱ्यापेक्षा दोन्ही हजारेक किलोमीटरनेच लांब. संगणकाच्या पडद्यावर दोन्हींचे एकूण तासही उन्नीस-बीस. पण दुबईच्या वाटेने पहिली बैठक चार तासांची आणि दुसरी सोळा तासांची. लंडनच्या वाटेने दोन्ही बैठका दहा-दहा तासांच्या.

मला या एका गोष्टीबद्दल कळकळीने बोलायचं आहे. एकूण तास हा मालाचा हिशेब आहे. पेटी एकूण किती तासांत पोचली एवढंच तिच्या बाबतीत महत्त्वाचं. माणसाला एका बैठकीचे तास सोसावे लागतात. सत्तरीच्या बाईला गुडघे दुमडून सोळा तास बसणं आणि दहा तास बसून मग दोन-तीन तास पाय मोकळे करून पुन्हा दहा तास बसणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात चार तास किंवा त्याहून जास्त वेळ बसून केलेल्या प्रवासानंतर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो असं आढळलं. विमानच असं नाही, आगगाडी आणि बसलाही ते लागू आहे.

पण माणसागणिक उत्तर उलटंही येतं. ज्यांना इंग्रजी कळत नाही, फलक वाचता येत नाहीत, आणि ज्यांना मध्येच उठवून नव्या जागी नेलं की जीव घाबरा होतो, त्यांना मी चार आणि सोळाची वाट सुचवते. हैदराबाद–दुबई विमानात तेलुगू, उर्दू, हिंदी बोलणारे चिकार असतात, आणि पुढचं विमान पकडून दिलं की झोपेतच बराचसा प्रवास होतो. लंडनमार्गे जाताना ट्रान्झिट व्हिसाचंही पाहावं लागतं. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की सहसा वेगळा लागत नाही, पण नियम बदलत असतात, म्हणून मी दर वेळी नव्याने वाचते. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशनची रांग आणि तिथेच आपलं सामान पट्ट्यावरून उतरवून घ्यायचं. त्यामुळे न्यूयॉर्क किंवा शिकागोला उतरून पुढे डॅलसला जाणारं स्वस्त तिकीट एकट्या आईच्या हातात द्यायला माझं मन होत नाही.

सुलतान बाजारातल्या एक निवृत्त शिक्षिका, आम्ही सगळ्या त्यांना बाई म्हणतो, मुलाने तिकडूनच काढलेल्या तिकिटावर गेल्या. सगळ्यांत कमी तासांचं तिकीट होतं, म्हणून मुलाने ते निवडलं, आणि ते त्याच्या मायेपोटीच. आखातातल्या एका विमानतळावर विमान बदलायला सव्वा तास होता. नियमाने तो पुरेसा, कारण प्रत्येक विमानतळाची कमीत कमी वेळेची मर्यादा ठरलेली असते आणि त्याखाली तिकीटच निघत नाही. पण ती मर्यादा चालणाऱ्या माणसासाठी आहे. बाईंनी चाकाची खुर्ची मागितली होती. खुर्चीवाले प्रवासी विमानातून सर्वांत शेवटी उतरतात, मग खुर्ची यायची वाट पाहायची, मग एकच माणूस तिघांना आळीपाळीने नेणार. पुढचं विमान गेलं. बाईंनी रात्र बाकावर काढली, गोळ्या चेक-इन केलेल्या बॅगेत. परत आल्यावर मला म्हणाल्या, "पोरी, मला कुणी घाई करायला सांगितलं होतं? मी तर महिनाभर आधीच तयार होते."

तेव्हापासून खुर्चीचं तिकीट असेल तर मी तीन तासांपेक्षा कमीचं मध्यंतर देत नाही. खुर्चीचेही प्रकार असतात: नुसतं लांब चालता येत नाही असे, जिना चढता येत नाही असे, आणि आपल्या आसनापर्यंतही जाता येत नाही असे. प्रत्येकाचा कोड वेगळा टाकावा लागतो. बरेचजण संकोचाने सौम्य प्रकार सांगतात. मी सरळ विचारते, "मावशी, घरी वरच्या मजल्यावर जाता का?" त्यावरून कोड ठरतो.

दुसरी अडचण घड्याळांची. हैदराबादहून पहाटे चारला निघालेलं माणूस डॅलसला त्याच तारखेला दुपारी चारला उतरतं, आणि घरचे म्हणतात बारा तासांत पोचली. हिवाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेअकरा तासांचं अंतर असतं, उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे होतात म्हणून साडेदहा. मधुमेहाच्या माणसाला हा गोंधळ महागात पडतो. इन्सुलिन रात्री आठला घ्यायचं, पण कुठल्या आठला? म्हणून मी तिकिटासोबत एक साधा कागद देते. त्यावर घड्याळाची वेळ नसते, घर सोडल्यापासूनचे तास असतात: शून्य, चार, आठ, असे. कोणत्या तासाला जेवण येईल, कोणत्या तासाला विमान बदलायचं, किती तास झोपायला मिळतील. हा कागद डॉक्टरांना दाखवा आणि औषधाची खूण त्यांच्याकडून करून घ्या, एवढंच सांगते. औषधाबद्दल माझ्या तोंडून एक शब्द निघत नाही. हा कागद जपून ठेवलेली माणसं मला दुसऱ्या प्रवासाच्या वेळी तोच परत आणून दाखवतात.

रमझानमध्ये हैदराबादच्या कुठल्याही एजन्सीत वेगळीच गणितं चालतात. रोजा सूर्यावर चालतो, आणि विमान सूर्याशी शर्यत लावतं. सकाळी इथून लंडनला निघालेला माणूस पश्चिमेकडे जातो, म्हणजे सूर्य त्याच्यासोबत चालतो. दिवस पाच-साडेपाच तासांनी लांबतो. पृथ्वीचा पृष्ठभाग विषुववृत्तावर ताशी १,६७० किलोमीटरने फिरतो, साठ अंश अक्षांशावर त्याच्या निम्म्याने, ८३५ ने. म्हणजे विमानाच्याच वेगाने. त्या अक्षांशावरून सरळ पश्चिमेला उडालात तर सूर्य एकाच जागी टांगल्यासारखा राहतो, मावळतच नाही. मुसाफिराला रोजा पुढे ढकलायची सवलत आहे, पण अनेकांना तो सोडायचा नसतो. चारमिनारजवळचे एक अत्तराचे व्यापारी दर वर्षी आधी माझ्याकडे येतात आणि विचारतात, इफ्तार कुठल्या देशावर होईल? मी मार्ग आणि सूर्यास्ताच्या वेळा पाहून अंदाज सांगते. परतीचं तिकीटही ते रोज्याच्या दिवसाचंच घेतात, आणि पूर्वेकडे येताना दिवस आखडतो. पण त्यांनी ते सोयीसाठी कधी केलेलं नाही, इथल्या मशिदीत तरावीहच्या नमाजाला पोचायची त्यांना घाई असते.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का, हाही नेहमीचा प्रश्न. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे झोत असतात, हिवाळ्यात उत्तर भारतावर ते फार जोरात असतात. लंडनला जायला दहा तासांच्या वर, यायला नऊच्या आसपास.

आणि दोरा ताणला म्हणून विमान दोऱ्यावरून जातंच असं नाही. तिबेटच्या पठारावरून विमानं सहसा जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे. प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू पाव तास, फार तर थोडा जास्त पुरतो. हे निसर्गाचं झालं. माणसांनी बंद केलेलं आकाश अधिक त्रासाचं. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानवरची वाट बंद होती. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचं आकाश पुन्हा बंद झालं, आणि दिल्लीहून अमेरिकेला एका दमात जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं. हैदराबादहून दिल्लीमार्गे जाणारे आमचे प्रवासी त्यात होते. त्याच वर्षी २३ जूनच्या रात्री कतारने काही तास आकाश बंद केलं तेव्हा फोन पहाटेपर्यंत थांबले नाहीत. विमानतळ जागच्या जागी, किलोमीटर तेच, आणि मध्यरात्री एका मुलाला मला सांगावं लागत होतं की तुझे वडील आत्ता नेमके कुठे उतरतील ते सकाळपर्यंत कळणार नाही.

२००८ साली आमच्या हैदराबादकरांचा सगळाच हिशेब बदलला. २३ मार्चला बेगमपेटचा विमानतळ प्रवासी विमानांसाठी बंद झाला आणि शमशाबादचा सुरू झाला. १ जूनपासून जगभर कागदी तिकिटं संपली, कार्बनच्या लाल पानांची ती पुस्तकं आम्ही परत केली. बेगमपेट शहराच्या मध्यात होतं, सोडायला अख्खं घर यायचं. शमशाबाद वीस-पंचवीस किलोमीटर बाहेर. पुढच्या वर्षी मेहदीपट्टणमपासून साडेअकरा किलोमीटरचा उड्डाणपूल झाला तेव्हा कुठे तो रस्ता सुसह्य झाला.

शहरातल्या माणसासाठी विमानतळ लांब गेला, पण गावाकडच्यासाठी तो नेहमीच लांब होता. निझामाबाद, करीमनगर, जगतियाल इथून आणि आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर, बिलोली, धर्माबादकडून आखातात जाणारी पोरं हैदराबादहूनच निघतात. दलाल त्यांना सांगतो, चार तासांचा प्रवास. दुबई हैदराबादपासून दिल्लीच्या दुप्पट अंतरावर आहे, चार तास हे खरंच आहे. पण गावाहून रात्रीची बस, विमानतळावर चार तास आधी, तिकडे उतरल्यावर तपासणीच्या रांगा, कंपनीची गाडी भरेपर्यंत थांबणं आणि मग कँप. उंबऱ्यापासून खाटेपर्यंत दिवस-रात्र जाते. मी त्यांना तास सांगत नाही, किती वेळचा डबा बांधायचा ते सांगते.

उलट्या दिशेने त्यांचा फोन येतो तो बहुधा मरणाचा. "ताई, बाप गेला. मातीला पोचतो का मी?" या प्रश्नाचं उत्तर मला मागून पुढे काढावं लागतं. माती किती वाजता करणार, घरचे किती थांबू शकतात, उन्हाळा आहे का, बर्फाची सोय आहे का. शमशाबादहून देगलूरला रात्रीच्या गाडीने किती तास. त्याआधी उतरल्यावरचा तास. त्याआधी उड्डाण. आणि सर्वांत आधी, पासपोर्ट कुणाकडे आहे आणि सुट्टीच्या कागदावर सही करणारा माणूस आज कामावर आहे का. २,५५० किलोमीटरचं अंतर सगळ्यांत कमी वेळ खातं. एकदा सही मिळाली की मी सगळ्यांत स्वस्त तिकीट बघत नाही, सगळ्यांत लवकर पोचणारं बघते, आणि गावाकडच्या माणसाला स्वतः फोन करून सांगते, इतके वाजेपर्यंत थांबा, तो रस्त्यावर आहे. एकूण तासांचा आकडा जिथे खरोखर सर्वांत महत्त्वाचा ठरतो अशी ही एकच वेळ मला माहीत आहे.

जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाने हैदराबाद–शिकागो थेट विमान सुरू केलं. आठवड्यातून एकदा, बोइंग ७७७-२०० एलआर, २३८ आसनं. त्याच महिन्यात कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून ध्रुवावरून बेंगळुरूला विमान आणलं होतं, त्यामुळे लोकांत उत्साह मोठा होता. शिकागो इथून १३,२८० किलोमीटर, जायला साडेसोळा तासांच्या पुढे. पहिल्या काही आठवड्यांत लोकांनी माझ्याकडे हट्ट धरून ती तिकिटं घेतली. ती सेवा फार टिकली नाही. आता हैदराबादहून अमेरिकेला पुन्हा थेट विमान हवं अशी मागणी जोरात आहे, आणि ती रास्त आहे. इतकी मुलं तिकडे आहेत, इतके आई-वडील इथे आहेत. लहान बाळ घेऊन एकटी येणारी मुलगी, फलक न वाचता येणारी आजी, शस्त्रक्रियेसाठी निघालेला माणूस, यांना मी पहिल्या दिवशी त्या विमानात बसवीन.

पण तिकीट विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांकडून मला त्याआधी एक गोष्ट हवी आहे, आणि तिला विमान लागत नाही. पडद्यावर एकूण तासांच्या शेजारी आणखी दोन आकडे दाखवावेत: सर्वांत लांब बैठक किती तासांची, आणि चाकाची खुर्ची घेतली तर मध्यंतर पुरेल की नाही. माहिती त्यांच्याकडे आहेच. तिकडे बसून आईचं तिकीट काढणारा मुलगा ते दोन आकडे नक्की वाचेल.